उल्केवरून बेंगळुरूला

गेल्या डिसेंबरात ज्या पंधरा सेकंदांत मी गप्प बसून ऐकायचं होतं, त्या पंधरा सेकंदांत मी बोलत होतो. आणि ज्या पंधरा सेकंदांत बोलायचं होतं, त्यांत कान टवकारून बसलो होतो. एकदाच झालं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. मी ते ओळीनं तीन सकाळी केलं, आणि दर सकाळी आपण कालची चूक सुधारतोय अशा समजुतीत केलं.

मला हौशी रेडिओचा नाद आहे. सरकारी परवाना आहे, स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, आहे, आणि सिडकोतल्या आमच्या घराच्या गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा एक लांबलचक सांगाडा आहे. तो अँटेना. शेजारी त्याला कपडे वाळवायचं साधन समजतात. एकदा कुणीतरी त्यावर ओली गोधडी टाकून ठेवली होती आणि मी खाली बसून दोन दिवस सूर्यावरच्या डागांना दोष देत होतो.

या नादातही एक आतला नाद असतो. आम्ही ज्या लहरी वापरतो त्या सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत नाहीत, त्यामुळं इथली लहर बेंगळुरूच्या डोक्यावरून निघून जाते. पण आकाशात वाळूच्या दाण्याएवढा एखादा खडा जळत शिरला, आपण ज्याला तारा तुटला म्हणतो तो, की शंभरेक किलोमीटर उंचीवर क्षणभर तापलेल्या हवेची रेघ उमटते. लहर त्या रेघेवर आपटते आणि खाली परत येते. अजिंठ्याला पूर्वी लेणीच्या तोंडाशी एक माणूस चकचकीत पत्रा घेऊन उन्हात उभा राहायचा; ऊन पत्र्यावर आपटून आत पडायचं आणि काळोखातली भिंत दिसायची. आमच्या उद्योगात तो पत्रेवाला म्हणजे उल्का. फरक इतकाच की हा पत्रेवाला केव्हा येणार ते सांगत नाही, आणि आला की पापणी लवायच्या आत पत्रा टाकून पळतो.

म्हणून इथं तोंडानं बोलून भागत नाही. कॉम्प्युटर एकच छोटा निरोप पंधरा सेकंद न थांबता पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, की एखादा तरी तुकडा कुठल्या तरी रेघेवर आपटावा. मग पंधरा सेकंद आपण गप्प, समोरचा पाठवणार. पुन्हा आपण. पडद्यावर एक बारीक चौकट असते: पहिली बारी तुमची का? तिथं एकानं खूण करायची, दुसऱ्यानं करायची नाही. एवढं एकच काम माणसाकडं ठेवलंय. बाकी सगळं कॉम्प्युटर करतो.

बायकोला मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिचं माहेर पिशोरचं.

"आमच्याकडं तारा तुटताना दिसला तर मान खाली घालतात," ती म्हणाली. "अन् तुम्ही त्याच्यावर भार देऊन बोलणार?"

"व्हय."

"बेंगळुरूला?"

"व्हय."

"त्यायचा फोन लागत नाय का?"

मी मेथीची एक काडी उचलून निवडू लागलो.

बेंगळुरूचा तो माणूस माझा जुना दोस्त. वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही दोघं देखभाल विभागात होतो. रेडिओचा परवाना त्यानं आधी काढला, मी त्याच्या नादानं नंतर. त्याचं घर शहागंजच्या मागं, माझं सिडकोत. दोघांच्या गच्च्यांमधून रात्री उगाचच 'आवाज कसा येतोय' एवढंच विचारत बसायचो. मग त्याला तिकडं नोकरी लागली, तो गेला, तिथंच घर घेतलं, गच्चीवर अँटेनाचा डंडा उभा केला. त्या डंड्यावरून तो दुसऱ्या, वळणाऱ्या लहरींवर जपानशी बोलला, इटलीशी बोलला. पण उल्केवरून आपलं शहर एकदा ऐकावं, हे काही जमलं नव्हतं. आम्ही बरीच वर्षं प्रयत्न करत होतो. एका वर्षी माझी वीज गेली. एका वर्षी वाऱ्यानं माझा अँटेना फिरला आणि मी दोन तास नागपूरच्या दिशेनं बेंगळुरूला हाका मारल्या. त्याच्या बाजूनं कधी काही बिघडलं होतं का, हे मला आठवत नाही. बहुतेक नाही.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. घर विकलं होतं. मुलीच्या इमारतीत, वरच्या कुठल्या तरी मजल्यावर राहायला जायचं होतं. तिथल्या गच्चीला कुलूप आणि किल्ली सोसायटीकडं. डिसेंबरात उल्कांची मोठी झड असते, ती संपेपर्यंत त्यानं डंडा काढणाऱ्या माणसांना थांबवून धरलं होतं. रविवारी सकाळी आठ वाजता ते डंडा उतरवायला येणार होते.

"मियाँ," तो म्हणाला, "एक बार अपना शहर ऊपर से आ जाए, फिर खुशी से खोल देता मैं डंडा."

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. पण त्यानं हे वाक्य दोनदा म्हटलं. तो एकच गोष्ट दोनदा सांगणारा माणूस नव्हे.

मग ठरवाठरवी. गुरुवार ते रविवार, पहाटे पाच ते सकाळी आठ. पहिली बारी कुणाची, यावर आमची नेहमीची झाली.

"पहले तुम."

"नाही भाई, तुम्ही मोठे. पहिले तुम्ही."

"नक्को नक्को. तुम शहर में बैठे सो, पहले तुमारा हक."

"असं कसं? घर तुमचं चाललंय—"

हे इतका वेळ चाललं की शेवटी काय ठरलं याची खात्री, आता कळतंय, दोघांनाही नीटशी उरली नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणं पहिली बारी माझी.

त्यानंतर मी नियम घातला. आमच्यात एक रीत आहे: जे कळायचं ते उल्केवरूनच कळलं पाहिजे. फोन करून 'तुझं नाव आलं बरं का' असं सांगितलं की तो संपर्क बाद. आधीच्या एका वर्षी त्यानं बोलता बोलता असं काहीतरी सांगून टाकलं होतं आणि मी तिथल्या तिथं सगळं रद्द केलं होतं. रीत फक्त त्या दोन-तीन तासांपुरती आहे. मी ती आवळली. म्हणालो, रविवारी डंडा उतरेपर्यंत फोन बंद. दिवसभर बंद. काही म्हणजे काही बोलायचं नाही. तो म्हणाला, "इतनी सख्ती कायकू?" मी म्हणालो, शेवटची वेळ आहे, शुद्ध झालं पाहिजे. माझ्या आयुष्यात मी जिथं जिथं 'शुद्ध' हा शब्द वापरलाय तिथं पुढं कायतरी घाण झालेली आहे.

गुरुवारी पाच वाजता बसलो. पहिली बारी मी घेतली. माझा सेट पाठवायला लागला की आमच्या दाराची बिनतारी बेल आपोआप चिवचिवते. काय करूनही ते थांबलेलं नाही. बायकोनं दूधवाल्याला बेल न वाजवता कडी वाजवायला शिकवलंय. तर बेल चिवचिवायची, गप्प व्हायची, पुन्हा चिवचिवायची. आठ वाजेपर्यंत बेंगळुरूहून काही म्हणजे काही आलं नाही.

आता एक शहाणा माणूस म्हणाला असता, तिकडं वीज गेली असेल. खरोखर वीजच गेली होती. तो तीन तास मेणबत्ती लावून बसला होता आणि माझ्या नियमामुळं ते सांगू शकत नव्हता. पण मी विचार केला तो असा: यानं बारी चुकवली. वय झालंय, घर आवरायच्या गडबडीत आहे, त्यानंही पहिलीच बारी धरली असणार. दोघं एकाच वेळी बोलतोय. जाऊ दे, आपण समजूतदार आहोत. शुक्रवारी मी गुपचूप चौकटीतली खूण काढली आणि दुसरी बारी घेतली. कुणाचं मन न दुखवता चूक निस्तरली म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

शुक्रवारी तो ठरल्याप्रमाणं दुसऱ्या बारीतच होता. आम्ही एकाच वेळी बोललो, एकाच वेळी कान लावले. वरून उल्का पडत होत्या. आमच्या गप्प बसण्यावर पडत होत्या.

मग त्यानं विचार केला. तो माझ्यासारखा नाही, तो आधी स्वतःवर संशय घेतो. त्याला वाटलं, त्या दिवशी 'पहले तुम'च्या भांडणात शेवटी आपणच हरलो असू. त्यानं शनिवारी पहिली बारी घेतली. आणि मी शुक्रवारी काही न मिळाल्यावर ठरवलं की माझं गुरुवारचंच बरोबर होतं. मीही पहिली घेतली.

गुलमंडीच्या बोळात दोन सायकलवाले समोरासमोर येतात, हा डावीकडं होतो म्हणून तोही त्याच बाजूला होतो, दोघं हसतात, दोघं दुसऱ्या बाजूला होतात. तिथं निदान समोरच्याचं तोंड दिसतं.

रविवारी आम्ही दोघंही पुन्हा दुसऱ्या बारीला आलो.

साडेसहाला आत फोन वाजला. माझा नव्हे, बायकोचा. नियम आमच्या दोघांपुरता होता. बायकांना तो कुणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी काही फरक पडला नसता. पलीकडं भाभी, म्हणजे दोस्ताची बेगम. सामान बांधत होत्या. बायकोनं फार पूर्वी त्यांना एक दगडी खलबत्ता दिला होता, त्याचं काय करावं असा प्रश्न होता. नव्या जागी खालच्या मजल्यावरचे लोक कुटू देणार नाहीत म्हणे. परत पाठवू का?

"परत कशाला? कोपऱ्यात ठेवा की," बायको म्हणत होती. "ठेवल्यानं काय आवाज येतो का त्याचा? जरा थांबा भाभी, बेल वाजली."

"मेरा भी पानी का फिल्टर बजा," भाभी म्हणाल्या. फोन मोठ्या आवाजावर होता, मला खोलीत ऐकू येत होतं. "ये मशीन पे बैठे की फिल्टर बजता. तीन दिन से जान खा गया."

"आमची पण बेल ह्यांच्यामुळंच वाजती."

थोडा वेळ खलबत्ता चालला. मग पुन्हा बेल, आणि फोनमधून फिल्टरची टीं टीं.

"भाभी," बायको सावकाश म्हणाली, "तुमचा फिल्टर अन् आमची बेल बरोबरच वाजतेत का हो?"

"हौ! बरोबर बज रे!"

"अन् बरोबरच बंद होतेत."

मग बायको दारात येऊन उभी राहिली. हातात फोन, कपाळावर आठी.

"आवो, तुम्ही दोघं एकाच टायमाला बोलताव."

मी हेडफोन काढले. माझी पहिली प्रतिक्रिया नोंदवून ठेवण्यासारखी आहे. मी म्हणालो, "हे तू फोनवरून सांगितलंस. हे धरता येत नाही."

"काय धरता येत नाय?"

"नियम आहे. आकाशातूनच कळलं पाहिजे."

"मग कळलं का आकाशातून? चार दिस झाले."

मी तिला समजावू लागलो की बारी ठरवायला फोन चालतो की नाही याबद्दल दोन मतं आहेत. त्या समजावण्यात दहा मिनिटं गेली. पुढं नियम शांतपणे वाचून पाहिले तेव्हा कळलं की याबद्दल दोन मतं नाहीत. बारी फोनवर ठरवायला कुणाचीच हरकत नसते. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "मग उतरवू द्या त्यायला तो दांडा," आणि आत निघाली. तेव्हा मी चौकटीत खूण केली आणि पहिली बारी घेतली.

आत बेल चिवचिवली. फोनमधून फिल्टर वाजला.

भाभींनीही तिकडं सांगितलं होतं. त्यानंही तत्परतेनं बारी बदलली होती.

"आता हात लावू नका!" बायको आतून ओरडली. "कशालाच हात लावू नका! भाभी, ऐका. आमचे आहेत तसेच बसू द्या. तुमच्यायला बदलायला लावा. फक्त तुमच्यायला."

"मैं बाजू में खडी होती," भाभी म्हणाल्या.

बेल. मग गप्प. मग फिल्टर. मग गप्प. मग बेल. इतक्या वर्षांत आमचा संसार आणि त्यांचा संसार पहिल्यांदा एकमेकांशी नीट बोलत होता, आणि मधले दोघं पुरुष खुर्चीला खिळून बसले होते.

संपर्क पुरा व्हायचा तर चार गोष्टी पोचाव्या लागतात. आधी नावं. मग आवाज कसा आला त्याचा आकडा. मग आकडा मिळाल्याची पोच. मग त्या पोचेची पोच. प्रत्येकीला वेगळी उल्का लागते.

सव्वासात वाजून गेल्यावर माझ्या पडद्यावर एक ओळ उमटली. अर्ध्या सेकंदाचा तुकडा असेल. त्याचं कॉलसाइन, माझं कॉलसाइन, आणि पुढं आकडा. म्हणजे माझं नाव तिकडं पोचलं होतं. मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. कॉम्प्युटर आपणहून पुढच्या टप्प्यावर गेला, पोच पाठवू लागला. मला करायला काही नव्हतं, हे फार बरं झालं.

आतून भाभींचा आवाज आला, "आया! आया! इनकू—"

"सांगू नको!" मी दोन्ही कानांत बोटं घालून ओरडलो. "भाभी, बोलो मत!"

"मी कुठं काय बोलले?" बायको दारात. "अन् त्या बोलल्या तर काय झालं, तुम्हाला दिसतंय की समोर."

"फोन ठेव. आता ठेवच."

तिनं ठेवला. तो ठेवताना तिनं माझ्याकडं जसं पाहिलं, तसं ती एरवी फक्त उतू गेलेल्या दुधाकडं पाहते.

मग मी एकटा. बेल वाजत होती. सात पस्तीस, सात चाळीस. मी पोच पाठवत होतो आणि मधल्या पंधरा सेकंदांत पडदा बघत होतो. पडद्यावर करड्या रंगाची खरखर तेवढी. एकदा बारीक पांढरी रेघ आली, कॉम्प्युटरनं तिला ओळखलं नाही. ती कुठलीही असू शकते. आठ वाजले. माणसं वेळेवर आली असतील का, हा विचार मी करत नव्हतो असं नाही. आपल्याकडची माणसं अशा कामाला कधी वेळेवर येतात? आठनंतरही मी त्यांच्या उशिरावर भरवसा ठेवून पाठवत राहिलो. साडेआठला बायको म्हणाली, "बास आता, ती बेल," आणि मी सेट बंद केला.

नऊच्या पुढं दोस्ताचा फोन आला. गच्चीवरून खाली आला होता, दम लागला होता. माणसं आठला पाच कमी असतानाच आली. त्यानं त्यांना चहा पाजला. तो लवकर संपला म्हणून बिस्किटं आणली. सव्वाआठला त्यांतला एक जण स्वतःच डंड्यावर चढला.

"तुमारी पोच आई थी," तो म्हणाला. "मैं पोच की पोच भेज रहा था. पौन घंटा भेजा. आई?"

"नाही आली, भाई."

"नइं आई."

"नाही."

म्हणजे त्याच्याकडं सगळं पोचलं होतं आणि माझ्याकडं शेवटचं एक राहिलं होतं. नियमानं हा संपर्क अपुरा. हे मी बोललो नाही. त्यालाही माहीत होतं. तो म्हणाला, "शहर तो आया ना ऊपर से. आधा आया," आणि थोडं हसला. मग आम्ही चार दिवसांचा हिशेब मांडला. गुरुवारची मेणबत्ती तेव्हा कळली. शुक्रवारी मी खूण काढली हे मी सांगितलं. त्यानं शनिवारचं आपलं सांगितलं आणि वर माझी माफी मागितली. मला ती घ्यावी लागली. तिकडं मागं चिकटपट्टी फाडल्याचे आवाज येत होते, खोकी बंद होत होती.

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण फोनवर शांतता झाली की मला राहवत नाही. त्याला बरं वाटावं म्हणून, आणि थोडं मलाही, मी म्हणालो, "यंदा उल्काच कमी होत्या, भाई. झड पहिल्यासारखी राहिली नाही. आणखी दोन-चार पडल्या असत्या वेळेवर, तर झालं असतं काम. आकाशापुढं कुणाचं चालतं?"

चिकटपट्टी थांबली. फोन तिकडंही मोठ्या आवाजावर असणार, कारण भाभींचा आवाज अगदी जवळून आला.

"तारे तो बराबर गिरते थे, भाईसाब. तुमेच चुप नइं बैठे."